थंडीत इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी: रेंज का घटते, धोका कुठे असतो आणि घरात काय काळजी घ्यावी

थंडी पडली की इलेक्ट्रिक गाडीवाल्यांची एक तक्रार ठरलेली असते: "फुल्ल चार्ज केली तरी गाडी आधीसारखी चालत नाही." मग मोहल्ल्यात उपाय सुचवले जातात. कुणी म्हणतं बॅटरी घरात उबेला ठेवा, कुणी म्हणतं रात्रभर चार्जिंगला लावून ठेवा, कुणी वर गोधडी टाकायला सांगतं. यातले काही उपाय नुसते निरुपयोगी आहेत, पण काही जिवावर बेतणारे आहेत.

आज आपल्या घरांमध्ये ई-स्कूटर आहे, रोजीरोटीसाठी ई-रिक्षा आहे, काहींकडे इलेक्ट्रिक कारही आली आहे. शिकायला किंवा नोकरीला कॅनडा-अमेरिकेत गेलेली आपली मुलं बर्फात अशा गाड्या चालवतात. म्हणून थंडी आणि बॅटरी यांचं नातं आम्ही इथे साध्या भाषेत मांडत आहोत. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो: महाराष्ट्रातली थंडी बॅटरीला बिघडवत नाही. थंडीच्या नावाखाली आपण घरात जे चुकीचं चार्जिंग करतो, त्यात खरा धोका आहे.

आपली थंडी आणि बर्फाची थंडी

आधी दोन थंड्या वेगळ्या करू. निफाड, धुळे, जळगाव, नागपूर, महाबळेश्वर इथे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो. निफाडसारख्या ठिकाणी तो अनेकदा ५-६ अंशांवर येतो. आपल्याला हुडहुडी भरते, पण बॅटरीच्या दृष्टीने ही सौम्य थंडी आहे. दुपारी पुन्हा २५-२८ अंश होतातच.

दुसरी थंडी काश्मीर-लडाखची. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलां' असतो, तेव्हा श्रीनगरची रात्र शून्याच्या खाली जाते. लेहमध्ये तर उणे १० च्याही खाली. तशीच थंडी टोरोंटो, शिकागो आणि ऑस्लोची. तिथले नियम वेगळे आहेत. इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ त्या थंडीबद्दल असतात आणि आपण ते मालेगावात किंवा भुसावळात बसून स्वतःला लावून घेतो. गोंधळ तिथून सुरू होतो.

रेंज का घटते?

लिथियम-आयन बॅटरीत दोन टोकं असतात. एका टोकाला ग्रॅफाइट, दुसऱ्या टोकाला लिथियम असलेलं धातूचं संयुग आणि मध्ये एक द्रव. त्याला इलेक्ट्रोलाइट म्हणतात. लिथियमचे कण या द्रवातून इकडून तिकडे जातात, तेव्हा वीज मिळते. थंडीत खोबरेल तेल कसं घट्ट होतं, ते आपण पाहतो. हा द्रव तेलासारखा गोठत नाही, पण थोडा घट्ट होतो. कणांची ये-जा मंदावते, बॅटरीचा आतला विरोध वाढतो आणि तेवढी ऊर्जा वाया जाते.

यात वीज 'उडून जात नाही'. बॅटरी गरम झाली की हरवलेली बरीचशी क्षमता परत येते. म्हणून फजरला मशिदीकडे निघताना मंद वाटणारी स्कूटर दुपारी पुन्हा नीट चालते. दिवसातलं सगळ्यात कमी तापमान साधारण सूर्योदयाच्या आसपास असतं. गाडी रात्रभर उघड्यावर उभी असेल तर बॅटरीही तेव्हा सगळ्यात थंड असते.

रेंज घटायला आणखी तीन कारणं आहेत.

पहिलं, हीटर. पेट्रोल गाडीत इंजिनची वाया जाणारी उष्णता आत फिरवता येते. इलेक्ट्रिक कारमध्ये इंजिनच नाही, त्यामुळे हीटरला बॅटरीतूनच वीज लागते. अमेरिकेतल्या 'एएए' या वाहनधारकांच्या संस्थेने २०१९ मध्ये चाचणी केली. साधारण उणे ७ अंशांत हीटर बंद असताना रेंज सरासरी १२ टक्के घटली, हीटर चालू केल्यावर ४१ टक्के. म्हणजे मोठा वाटा बॅटरीचा नव्हे, हीटरचा होता. स्कूटरला हीटर नसतो, म्हणून तिचं नुकसान कमी.

दुसरं, टायरमधली हवा. तापमान साधारण साडेपाच अंश घटलं की टायरचा दाब अंदाजे एक पीएसआयने कमी होतो. दुपारी ३० अंशांत भरलेली हवा पहाटे ८ अंशांत चारेक पीएसआयने कमी दिसते. टायर बसला की गाडी जड चालते आणि बॅटरी जास्त खर्च होते.

तिसरं, ब्रेक लावताना परत मिळणारी वीज. बॅटरी फार थंड असेल तर गाडी ही वीज घेणं कमी करते किंवा बंद करते. कारण पुढच्या भागात कळेल.

शून्याखाली चार्जिंग का करू नये?

थंडीत बॅटरी वापरणं आणि थंडीत ती चार्ज करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक लिथियम सेल उणे २० अंशांपर्यंत वीज देऊ शकतात, पण त्यांना चार्ज करण्याची मर्यादा साधारण ० ते ४५ अंश असते.

चार्ज होताना लिथियमचे कण ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात. शून्याखाली ते आत शिरायला वेळ लागतो. मागून मात्र चार्जर कण ढकलतच असतो. मग गर्दीच्या वेळी बसच्या दारात लोक साचावेत, तसं लिथियम ग्रॅफाइटच्या बाहेर धातूच्या रूपात साचतं. याला 'लिथियम प्लेटिंग' म्हणतात. असं साचलेलं बरंचसं लिथियम पुन्हा कामाला येत नाही, म्हणजे क्षमता कायमची जाते. पुढे त्याचे सुईसारखे काटे वाढून आतल्या पातळ पडद्याला भोक पाडू शकतात आणि सेलमध्ये शॉर्ट सर्किट होऊ शकतं. ब्रेकची वीज हेही एक छोटं चार्जिंगच आहे, म्हणून गाडी थंडीत ते रोखते.

चांगल्या गाडीत यावर नजर ठेवणारी यंत्रणा असते, तिला बीएमएस म्हणतात. सेल फार थंड असेल तर ती चार्जिंग रोखते, हळू करते किंवा आधी बॅटरी गरम करून घेते. स्वस्त, जोडतोड केलेल्या बॅटरीत नेमकी हीच यंत्रणा नसते किंवा नावापुरती असते.

शिकागो आणि नॉर्वे: थंडी सारखी, सवय वेगळी

जानेवारी २०२४ मध्ये शिकागोत तापमान उणे १८ अंशांच्याही खाली गेलं. चार्जिंग स्टेशनवर इलेक्ट्रिक गाड्यांच्या लांब रांगा लागल्या, काही गाड्या तिथेच बंद पडून टो कराव्या लागल्या. ही बातमी जगभर गेली आणि "थंडीत ईव्ही चालत नाही" असं लोक म्हणू लागले.

आता नॉर्वे पाहा. हिवाळा तिथेही कडक. तरी २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या दर १० नव्या कारपैकी जवळपास ९ पूर्ण इलेक्ट्रिक होत्या. फरक कुठे आहे? नॉर्वेत बहुतेक लोक घरीच गाडी प्लगला लावतात आणि निघण्याआधी घरच्या विजेवर बॅटरी व केबिन गरम करून घेतात. शिकागोत अनेक चालक सार्वजनिक चार्जरवर अवलंबून होते. ते जवळपास रिकाम्या, थंडगार बॅटऱ्या घेऊन आले, काही चार्जर बंद होते, आणि थंड बॅटरी हळू चार्ज होत असल्याने रांग वाढत गेली.

परदेशातल्या आपल्या मुलांनी यातून चार गोष्टी घ्याव्यात. बॅटरी २०-३० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये. गाडी थांबल्यावर बॅटरी उबदार असतानाच चार्जिंगला लावावी. गाडीत बॅटरी आधी गरम करण्याची सोय असेल तर फास्ट चार्जरकडे निघतानाच ती सुरू करावी. आणि आख्खी केबिन तापवण्यापेक्षा सीटचा हीटर वापरावा, त्याला खूप कमी वीज लागते. कारच्या छोट्या १२ व्होल्ट बॅटरीकडेही लक्ष हवं. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.

बॅटरीला आग कशी लागते?

सेलच्या आत तापमान साधारण ८० ते १२० अंशांच्या दरम्यान गेलं की आतला संरक्षक थर विरघळायला लागतो. त्यातून आणखी उष्णता निघते, ती पुढची क्रिया सुरू करते, आणि एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. याला 'थर्मल रनअवे' म्हणतात. सुरुवात होते ती जास्त चार्जिंग, चुकीचा चार्जर, आत गेलेलं पाणी, आपटल्यामुळे झालेली इजा किंवा सदोष सेल यातून.

सगळ्या बॅटऱ्या सारख्या नसतात. एलएफपी प्रकारच्या बॅटऱ्या उष्णतेला जास्त टिकतात आणि सहज पेटत नाहीत, पण थंडीत जास्त मंदावतात. एनएमसी प्रकारच्या बॅटऱ्या थंडीत बऱ्या चालतात आणि वजनाला हलक्या असतात, पण तापल्यावर लवकर भडकतात. आपली कोणती आहे, हे विकत घेतानाच विचारून ठेवावं.

दोन घटना आपण विसरता कामा नये. मार्च २०२२ मध्ये तमिळनाडूत वेल्लोर इथे रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरला आग लागली आणि धुराने बाप-लेकीचा जीव गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या वसईत, घराच्या हॉलमध्ये चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. सात वर्षांचा एक मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांनी गेला. एक घटना मार्चमधली, दुसरी सप्टेंबरमधली. थंडीशी संबंध नव्हता. दोन्हीकडे सारखं होतं ते इतकंच: बॅटरी घरात होती, चार्जिंग चालू होतं आणि घर झोपेत होतं.

थंडीत नेमकी हीच सवय वाढते. बॅटरी गारठू नये म्हणून आपण ती आत आणतो, दार-खिडक्या बंद करतो आणि रात्रभर चार्जर सोडून झोपतो. छोट्या घरात बॅटरी बहुतेक वेळा दाराजवळच्या प्लगला असते. आग लागली तर बाहेर पडायचा एकमेव रस्ताच बंद. झोपण्यापूर्वी घरातली आग विझवण्याची ताकीद हदीसमध्ये आहे. चार्जिंगला लावलेली बॅटरी ही आजच्या घरातली तशीच एक गोष्ट आहे, असं समजून वागलं तर बरं.

घरात पाळायचे नियम

• चार्जिंग जागेपणी करा. बॅटरी अगदी संपेपर्यंत वाट पाहू नका. रोज ४०-५० टक्क्यांवरून लावली तर मगरिबनंतर सुरू करून झोपायच्या आत काम होतं.

• दार, जिना आणि पॅसेज मोकळा ठेवा. बॅटरी काढता येत असेल तर गॅलरीत किंवा हवेशीर जागी, फरशीवर ठेवून चार्ज करा. गादी, सोफा, पडदे, कपड्यांचा ढीग आणि गॅस सिलिंडरपासून लांब.

• चार्जिंग चालू असताना बॅटरीवर किंवा चार्जरवर गोधडी, पोतं, प्लास्टिक टाकू नका. उष्णता बाहेर जायला हवी.

• बॅटरी शेकोटीजवळ, हीटरसमोर किंवा गरम पाण्याच्या पिशवीने तापवू नका. महाराष्ट्राच्या थंडीत तिला तापवायची गरजच नाही. अर्धा तास घरातल्या तापमानाला राहू द्या, पुरे.

• गाडीसोबत आलेलाच चार्जर वापरा. ४८, ६० आणि ७२ व्होल्टचे चार्जर वेगळे असतात. पिन बसली म्हणजे चार्जर चालतो, असं नाही.

• थंडीत घरात गिझर आणि हीटरही चालू असतात. २,००० वॅटचा हीटर एकटाच जवळजवळ ९ अँपिअर करंट ओढतो. साधा एक्स्टेन्शन बोर्ड ६ अँपिअरचा असतो. त्याच बोर्डावर गाडीचा चार्जर लावला तर आग बॅटरीऐवजी वायरिंगला लागेल. चार्जरसाठी भिंतीतला, अर्थिंग असलेला वेगळा सॉकेट घ्या.

• पहाटेच्या दवाने चार्जिंगचं तोंड ओलं होतं. कोरड्या कपड्याने पुसून मगच प्लग लावा.

• बॅटरी फुगली, वास आला, आवाज आला, ओल दिसली किंवा हाताला चटका बसण्याइतकी तापली तर पुन्हा चार्ज करू नका. उघड्यावर, लोकांपासून लांब ठेवा आणि विक्रेत्याला कळवा.

• महिनाभर गाडी वापरायची नसेल तर बॅटरी ४० ते ६० टक्के भरून ठेवा. पूर्ण रिकामी सोडू नका.

ई-रिक्षावाल्यांसाठी

अजूनही बऱ्याच ई-रिक्षांमध्ये लेड-अॅसिड बॅटऱ्या असतात, साधारण १२ व्होल्टच्या चार. थंडीत त्याही मंदावतात. शून्य अंशावर त्यांची क्षमता साधारण पाचव्या हिश्शाने कमी होते. आपल्या थंडीत घट त्याहून कमी, पण सकाळच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत जाणवते. या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडतात. बंद खोलीत तो साचतो आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून चार्जिंग उघड्या, हवेशीर जागी करा आणि जवळ विडी-सिगारेट नको.

काही जण पैसे वाचवायला लेड-अॅसिड काढून लिथियम बॅटरी बसवून घेतात, पण चार्जर जुनाच ठेवतात. हे अतिशय धोकादायक आहे. दोन्हींची चार्जिंगची पद्धत वेगळी असते. बॅटरी बदलली तर चार्जरही बदलायचा.

विकत घेताना काय बघावं?

२०२२ च्या आगींनंतर केंद्र सरकारने दुचाकी-तिचाकी गाड्यांच्या बॅटरीसाठी एआयएस-१५६ या मानकात सुधारणा केली. ती १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली. सेल, बीएमएस, चार्जर, पाण्यापासून बचाव आणि एका सेलची आग पसरणं, या सगळ्यांवर त्यात अटी आहेत. अशा चाचण्या करणारी एक प्रमुख संस्था, एआरएआय, आपल्या पुण्यातच आहे.

विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा. एआयएस-१५६ सुधारित मानकाचं प्रमाणपत्र आहे का? बॅटरी एलएफपी आहे की एनएमसी, आणि वॉरंटी किती वर्षं? चार्जर गाडीच्या कंपनीनेच दिलाय का? ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्या, २५० वॅटपर्यंत मोटर असलेल्या गाड्यांना नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. पण त्यांनाही चाचणी संस्थेची मान्यता लागतेच. "या गाडीला कागदाची गरज नाही" असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

आग लागलीच तर

सामान वाचवायला थांबू नका. आधी मुलं आणि वडीलधाऱ्यांना बाहेर काढा, मागचं दार ओढून घ्या, १०१ किंवा ११२ ला फोन करा आणि "लिथियम बॅटरी आहे" हे स्पष्ट सांगा. या धुरात विषारी वायू असतात, तो श्वासात जाऊ देऊ नका. साध्या पावडरच्या सिलिंडरने वरची ज्वाळा विझते, आतली उष्णता नाही. अग्निशमन दल भरपूर पाणी मारून बॅटरी थंड करतं. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, म्हणून ती घरात परत आणू नका.

भंगार व्यवसायातल्या भावांना विनंती

आपल्यातले बरेच जण भंगारच्या धंद्यात आहेत. लिथियमचा पॅक घणाने फोडू नका, उन्हात ढीग लावून ठेवू नका, पाण्यात टाकू नका. 'मेलेल्या' बॅटरीतही पेट घेण्याइतकी ऊर्जा शिल्लक असते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्या नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हव्यात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*थंडीत रेंज कमी झाली म्हणजे बॅटरी खराब झाली का?* नाही. दुपारी रेंज परत येत असेल तर काळजी नको. उन्हाळ्यातही कमीच राहिली तर तपासून घ्या.

*रोज १०० टक्के चार्ज करावी का?* एनएमसी असेल तर रोजच्या वापराला ८०-९० टक्के पुरे, लांब जायचं असेल तेव्हा पूर्ण. एलएफपी मात्र अधूनमधून पूर्ण भरावी लागते, नाहीतर मीटर चुकीचा आकडा दाखवतो. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते पाळा.

*सकाळी रेंज वाढवायची तर काय करू?* गाडी भिंतीच्या किंवा छपराच्या आडोशाला लावा, टायरची हवा सकाळी गाडी थंड असताना तपासा, आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा.

*मग पेट्रोल गाडीच बरी का?* पेट्रोलही पेट घेतं. आपण ते घरात, झोपायच्या जागी ठेवत नाही, कारण त्याची भीती आपल्याला माहीत आहे. बॅटरीबद्दल तेवढीच समज आली की ती वापरायला काही हरकत नाही.

हिवाळ्यात दहा-बारा किलोमीटर कमी मिळाले तर मिळू द्या. तेवढ्यासाठी बॅटरी पोरांच्या अंथरुणाशेजारी लावू नका. आज रात्री झोपण्याआधी घरातला चार्जर कुठे लावला आहे, हे एकदा उठून बघा. शेजारच्या घरातही सांगा. अल्लाह सर्वांना आपल्या हिफाजतीत ठेवो, आमीन.